चाक जागं व्हायच्या आत

एका चाकाची हवा गेली तर खिळ्यावर संशय घ्यावा, चारही चाकांची गेली तर माणसावर. हे मला कोणी शिकवलं नाही. एका रविवारी सकाळी अंगणात गाडीशेजारी उकिडवी बसले होते, तेव्हा माझं मलाच सुचलं. सुचल्यावर मात्र मी आधी उठून फाटकाची कडी तपासली आणि मग आजूबाजूला पाहिलं.

आमची गाडी छोटी, फिकट निळी. माझ्या मिस्टरांनी ती घेतली तेव्हा मुलगा शाळेत होता, आणि आता त्याचेही केस पिकायला लागलेत. हे होते तोवर रविवारची सकाळ ठरलेली असायची. चहाच्या आधी हे गोणपाटाची घडी घेऊन अंगणात जायचे. चाकाशी गुडघे टेकायचे, टायरवर तळहात ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "झोपलंय अजून. चल, जागं व्हायच्या आत उरकू." मग व्हॉल्व्हचं टोपण काढून दातांत धरायचे आणि हवा मोजायचं गेज दाबायचे. जवळचा चष्मा नेहमी घरात राहिलेला असायचा, म्हणून आकडा मी वाचायचा. दाराच्या आतल्या चौकटीवर कंपनीची पट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर चारही चाकांना तीस. आकडा जरा खाली असला की हे पायपंप काढायचे. सपाता घालून असे काही नाचायचे त्या पंपावर, की गल्लीत कोणाला झोप लागायची नाही.

हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. गाडीचं काय करायचं, यावर ज्याला त्याला मत होतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं, गाडी मी चालवते, मीच सांभाळीन, कोणी तिला हात लावायचा नाही. जरा जास्तच मोठ्यानं बोलले असेन. त्याच गडबडीत ह्यांचं गेज हरवलं. पितळेचं होतं, पेनासारखं खिशाला अडकवायचं. सगळे कपाट-खण उपसले, मिळालं नाही. शेवटी पंक्चरवाल्याकडून नवं घेतलं आणि रविवारचं काम चालू ठेवलं. वाकायला मी, दाबायला मी, वाचायलाही मीच. दर वेळी हवा जरा कमी निघायची, ते मी गाडीच्या वयावर ढकलायचे.

घरात आम्ही दोघी. मी आणि माझी नणंद. ती ह्यांच्याहून मोठी, मी तिला ताई म्हणते. लग्न केलं नाही. आयुष्यभर बायकांचे कपडे शिवायचं दुकान चालवलं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा दुकान बंद करून आमच्याकडे आली, ती गळ्यातली टेप तशीच ठेवून. आजही कोणी नवी बाई घरात आली की ताईची नजर आधी तिच्या खांद्यावरून फिरते आणि मग चेहऱ्यावर जाते.

आमचं घर चढावर, अगदी शेवटचं. दुकानं खाली, दवाखाना खाली, बसही खालीच थांबते. गाडी आहे म्हणून आम्ही तिथे राहू शकतो. हे आमच्या मुलालाही चांगलं माहीत आहे, आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

तो आला होता. गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेला आणि कपाळाला आठ्या घालून परतला. "आई, गाडी जड चालतेय. चारही चाकं बसलीत. अशी गाडी घेऊन तू उतारावरून जातेस?"

"गेल्या रविवारी तीस भरली होती."

"मग गेली कुठे?"

तो माझ्याकडे कसा बघत होता ते मला कळत होतं. डॉक्टर बघतात तसा.

"मी पुढच्या महिन्यात येतो," तो म्हणाला. "तेव्हाही अशीच असली तर किल्ली मी घेणार. वाद नको. मग तुम्ही दोघी माझ्याकडे. मागची खोली रिकामीच आहे."

मागची खोली मी पाहिली आहे. तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची मोरी दिसते.

मी काही बोलायच्या आत ताईनं विचारलं, "लिफ्ट आहे ना रे तुझ्याकडे?"

"आहे की, आत्या."

ती लिफ्ट माझ्या कानात जी अडकली, ती निघेना.

दुसऱ्याच दिवशी मी पंक्चरवाल्याकडे गेले. त्यानं एकेक चाक काढून साबणाच्या पाण्याच्या टबात बुडवलं. बुडबुडा नाही. व्हॉल्व्हवर थुंकी लावून पाहिली, तिथेही नाही. तरी माझ्या समाधानासाठी चारही व्हॉल्व्ह नवे टाकले.

"काकू, चाकं ठणठणीत आहेत," तो हात पुसत म्हणाला. "आता हवा गेली तर समजा, कोणीतरी काढतंय."

"कोण काढेल?"

"ते मी कसं सांगू? घर तुमचं."

पुढच्या रविवारी पुन्हा कमी. भिंतीकडची दोन चाकं तिनानं खाली, फाटकाकडची दोन पाचानं. मी पुन्हा तीस केली आणि पाय भरून आले तरी तशीच शेजाऱ्याच्या कुंपणाशी गेले.

शेजाऱ्याला सगळे कर्नल म्हणतात. सैन्यात तो कधीच नव्हता, टपाल खात्यात होता. पण मिशा आहेत आणि ताठ चालतो. गाडी अंगणातून काढताना तिचं मागचं टोक त्याच्या फाटकासमोर वीतभर जातं, त्यावरून आमचं जुनं भांडण आहे.

"कर्नलसाहेब, आमच्या गाडीची हवा जाते हल्ली."

"वयानं सगळ्यांचीच जाते, बाई."

"कोणीतरी काढतंय म्हणतात."

तो कुंपणाजवळ आला. "माझ्यावर संशय आहे का तुमचा?"

"मी नाव घेतलं का कोणाचं?"

"हे बघा. हवा काढायला वाकावं लागतं. मी कित्येक वर्षांत वाकलेलो नाही. चपलेचा पट्टासुद्धा बायको लावते. विचारा तिला."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "खरंय हो! आणि वर म्हणतात, घट्ट लावलास!"

कर्नल सुटला. मी घरी परतले आणि पहिल्यांदाच आतल्या बाजूनं विचार करायला लागले. फाटकाला रात्रंदिवस कडी. घरचा माणूस सोडून चाकाशी बसायला कोणाला सवड मिळणार? आणि घरची माणसं दोनच.

संशय एकदा आला की त्याला खायला कमी पडत नाही. न्हाणीघरात ताईसाठी एक बुटकं लाकडी स्टूल आहे, त्यावर बसून ती आंघोळ करते. त्याच्या पायांना अंगणातली बारीक खडी चिकटलेली दिसली. न्हाणीघरात खडी कुठून येणार? मी ती नखानं काढून तळहातावर घेऊन बघत राहिले. मग एका संध्याकाळी ताई फोनवर हलक्या आवाजात बोलत होती. मी दाराशी थांबले. असं थांबू नये हे मला माहीत आहे, तरी थांबले.

"तिला काही बोलू नकोस," ताई म्हणत होती. "चाकांचं मी बघते. हो रे, दर आठवड्याला. तिला पत्ता नाही."

पलीकडे माझाच मुलगा होता, दुसरं कोण? म्हणजे दोघांचं संगनमत होतं. हिला लिफ्ट हवी, त्याला किल्ली हवी, आणि मी दर रविवारी वेड्यासारखी पंपावर नाचतेय.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "ताई, तुम्हाला इथे कंटाळा येतो का हो?"

"कशाचा?"

"घराचा. माझा."

"तुझा येतो कधी कधी," ती ताट पुढे ओढत म्हणाली. "आमटीत मीठ घालायचं विसरतेस तेव्हा. आज विसरलीस."

मी मिठाची बरणी तिच्यापुढे सरकवली आणि तिच्या हातांकडे बघितलं. शिंपिणीचे हात, म्हातारपणीही न थरथरणारे. व्हॉल्व्हचं टोपण काढायला असेच हात लागतात.

मी सापळा लावला. रविवारी हवा भरून झाल्यावर चारही टोपणांच्या आत चिमूट चिमूट पावडर घातली, तोंडाला लावायची, वासाची. मग वाट बघत राहिले. सोमवार ते बुधवार काही नाही. मी रोज सकाळी पाणी घालायला म्हणून अंगणात जायचे, टोपण काढून बघायचे, पावडर जागच्या जागी. गुरुवारी मी नेहमीप्रमाणे दुपारी खाली बाजारात गेले. भाजी, ताईची गुडघ्याची गोळी, दळण. परत येऊन गाडी लावली, पिशव्या ठेवल्या आणि ताईला ऐकू जाईल अशी मोठी जांभई दिली.

"पडते जरा, ताई. ऊन लागलं."

"पड पड," ती म्हणाली. मला वाटलं, जरा घाईनंच म्हणाली.

मी खोलीचं दार लावल्याचा आवाज केला आणि चपला हातात घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. फार वेळ थांबावं लागलं नाही. न्हाणीघराचं दार वाजलं. मग ताई अंगणात आली, काखेत स्टूल. पायरी उतरताना गुडघ्याला हात लावून थांबली, कण्हली. फाटकाकडच्या पुढच्या चाकाशी स्टूल टेकवलं, त्यावर बसली, टोपण काढलं, दोनदा शिंकली आणि पदराखालून काहीतरी काढून चाकाला लावलं. उन्हात ते पिवळं चमकलं.

ह्यांचं गेज!

मी चपला घालायचंही विसरले. तापलेल्या खडीवरून अनवाणी धावले.

"ताई! काय चाललंय हे?"

ती दचकली नाही. मान वर करून शांतपणे म्हणाली, "दिसत नाही? तू करून ठेवलेलं निस्तरतेय."

"मी?"

"मग कोण? पस्तीस! बघ, पस्तीस भरून ठेवलीस. मागच्या गुरुवारीही तेच, त्याच्या मागच्याही. दर वेळी मी तीस करायची आणि दर वेळी तू पुन्हा फुगवून ठेवायचीस. टायर फुटून उतारावर मरायचं आहे का तुला?"

"मी रविवारी बरोबर तीस भरते!"

"मग मी काय आंधळी? आणि त्या टोपणात पावडर कसली घातलीस? शिंका येऊन जीव चालला होता माझा."

"हे गेज तुमच्याकडे कुठून आलं?"

तिनं गेज पदराला पुसलं. "त्यानंच दिलं. दवाखान्यात त्याचे कपडे बदलले ना, तेव्हा खिशातून काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, ताई, आकडा तिसाच्या वर जाऊ देऊ नकोस."

"तुम्हाला सांगितलं? मला नाही?"

खरं सांगते, त्या क्षणी हवा, चाकं, किल्ली सगळं मागे पडलं. इतकी वर्षं दर रविवारी मी ह्यांच्या शेजारी उभी राहून आकडा वाचला, आणि शेवटी गेज गेलं ते बहिणीकडे. मेलेल्या माणसावर संशय घेऊ नये म्हणतात, पण मी घेतला. माझ्यावर विश्वास नव्हता का ह्यांचा?

ताईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुला कशाला सांगेल? तुला येतंच, असं म्हणाला. ती हवा भरेल, पण हे दोघांचं काम आहे, एकटीला कंटाळा येईल, तू बघत जा, म्हणाला. आणि मी तुझ्याशी बोलायला येणार तोच तू सगळ्यांसमोर ओरडलीस, कोणी हात लावायचा नाही म्हणून. मग मी तुझ्या झोपेत हात लावायला लागले."

मी आत धावले. माझं नवं गेज आणलं आणि खडीवर बसून त्याच चाकाला लावलं. पस्तीस. ताईनं विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. मी उठण्यासाठी टायरचा आधार घेतला आणि हात झटकन मागे घेतला. चाक पोळत होतं.

मग मी पलीकडे गेले. भिंतीच्या सावलीतलं चाक. तेही कोमट, पण पोळणारं नाही. तिथे तेहतीस.

मला हसू आलं आणि रडूही.

"ताई, हे चाक आत्ता बाजारातून आलंय."

"मग?"

"पळून पळून तापलंय. वर उन्हात उभं. तापलं की आतली हवा फुगते आणि आकडा वर जातो. गार झालं की आपोआप तिसावर येतं. तुम्ही गरम चाकातून हवा काढता, म्हणून सकाळी ते पंचविसावर बसतं. हे नेहमी चहाच्या आधी मोजायचे, चाक जागं व्हायच्या आत."

"ते मला नाही सांगितलं त्यानं."

"त्यांना सांगावंसं वाटलंच नसेल. दुसऱ्या वेळी कोणी मोजतं, हेच त्यांच्या मनात आलं नसेल."

ताईच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "माप म्हणजे माप. सकाळी तीस आणि दुपारी पस्तीस, असं कुठे असतं का? मला शेंडी लावू नकोस."

मी जरा विचार केला. "ताई, दुकानात एखादी बाई पोटभर जेवून माप द्यायला आली, तर तुम्ही काय करायचात?"

"परत पाठवायची. सकाळी ये म्हणायची. जेवल्यावर कमरेचं माप घेतं का कोणी? ब्लाउज…" ती बोलता बोलता थांबली. चाकाकडे पाहिलं. गेजकडे पाहिलं. मग टायरवर हळूच तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

"अगं बाई," ती म्हणाली. "जेवून आलंय की हे."

दोघी तिथेच बसून राहिलो, ती स्टुलावर आणि मी खडीवर. कर्नल कुंपणापलीकडून मान उंच करून बघत होता. ताई त्याला म्हणाली, "काय बघताय? वाकता येत नाही ना? मग जा आत."

थोड्या वेळानं मी विचारलं, "आणि लिफ्टचं काय?"

"कसली लिफ्ट?"

"तुम्ही विचारलंत ना त्याला. लिफ्ट आहे ना म्हणून."

"मला लिफ्टमध्ये गुदमरतं, म्हणून विचारलं. असली तर मी मुळीच येणार नव्हते."

"आणि फोनवर? तिला पत्ता नाही म्हणालात ते?"

"अगं, त्याला धीर देत होते, मी चाकं तपासते म्हणून. नाहीतर पुढच्या महिन्याची वाट न बघता तेव्हाच येऊन किल्ली घेऊन गेला असता." ती माझ्याकडे रोखून बघायला लागली. "तू दाराशी उभी राहून ऐकत होतीस?"

मी स्टूल उचललं आणि आत गेले.

महिन्यानं मुलगा आला, भर दुपारी. आल्या आल्या चहासुद्धा न घेता आमची गाडी काढली, उतारावरून खालपर्यंत जाऊन आला आणि खिशातून आकडे उमटणारं एक यंत्र काढून चाकाशी बसला. आम्ही दोघी पायरीवर.

"चौतीस! आई, आता जास्त भरलीस?" असं म्हणत त्यानं व्हॉल्व्हची सुई दाबायला नख पुढे केलं.

"हात काढ!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

तो दचकून मागे बसला.

"आत्ता जेवून आलीय ती," ताई म्हणाली. "सकाळी माप घे."

"कोण जेवून आलीय? आत्या, मला संध्याकाळी निघायचंय."

"मग जा, आणि किल्लीही इथेच राहू दे. किल्ली हवी असेल तर राहा आणि माप नीट घे. तुझा बाप असं घाईनं मोजायचा का?"

तो राहिला. सकाळी चहाच्या आधी आम्ही तिघं अंगणात. मी टायरवर तळहात ठेवून पाहिलं, गार होतं. मुलगा गुडघे टेकून चाकामागून चाक फिरला. यंत्रावर चार वेळा तीस उमटलं. तो उठला, गुडघ्यावरची खडी झाडली, आत गेला आणि किल्ली दाराशेजारच्या खुंटीवर अडकवली. अडकवताना त्याचा हात तिच्यावर जरा रेंगाळला. मग त्यानं चहा मागितला.

आता दर रविवारी आम्ही दोघी जातो. ताई स्टुलावर बसून पितळी गेज दाबते, मी आकडा वाचते. मग माझं गेज मी दाबते, ती वाचते. दोन्हींत अर्ध्याचा फरक येतो. ती म्हणते तुझं नवं खोटं बोलतं. मी म्हणते तुमचं जुनं थकलंय. मुलाच्या यंत्रानं निकाल लावता आला असता, पण ते विचारायचं त्या दिवशी दोघींनाही सुचलं नाही, की सुचवून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे.

गुरुवारी बाजारातून आले की मी अजूनही पडते म्हणून सांगते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी थोडा वेळ उभी राहते. अर्ध्या आकड्यासाठी ताई काय करेल, याचा भरवसा नाही. परवा उभी होते, तर अंगणात कोणीच नव्हतं. सहज मान वळवली, तर ताई तिच्या खोलीच्या खिडकीतून पडदा बाजूला धरून माझ्याच खिडकीकडे बघत होती.